दोन तासांनी कूस

बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसेन, असंच सगळ्यांनी धरलं होतं.
साळ्यानं तर स्टूलही पाहून ठेवला होता,
पंख्याखालचा.
मी सिंदेवाहीच्या ग्रामीण रुग्णालयात
कक्षसेवकाच्या अर्जावर सही केली
आणि पानठेल्यावर दोन दिवस तेवढंच चाललं:
"सतरा वर्सं फौजीत रायला, आन् आता भांडे काढते, बाप्पा!"
भांडं म्हणजे बेडपॅन.
पहिल्या दिवशी मी ते उलटंच धरलं होतं.

कुसराम सिस्टर माझ्या खांद्यालाही लागत नाहीत.
त्या वॉर्डात आल्या
आणि माझ्या टाचा आपोआप जुळल्या.
"आवाज नोका करू जी, सात नंबर आत्ताच झोपला."
टाचांचं काय करायचं
हे मला आठवडाभर कळलं नाही.

चादर मात्र येत होती.
बराकीत एका सुरकुतीला मैदानाच्या चार फेऱ्या,
ट्रंक डोक्यावर घेऊन.
सिस्टरनं गादीवरून तळहात फिरवला, म्हणाल्या,
"तिथं सुरकुती साहेबाला टोचत होती,
इथं पाठीला टोचते.
दर दोन तासांनी कूस बदलायची.
विसरलास, तर आधी कातडी जाते,
मग हाड दिसतं."

दोन तास मला कोणी शिकवायला नको होते.
बर्फात पहाऱ्याची पाळी दोन तासांचीच,
बुटात बोटं हलवत, मोजत,
समोर अंधार,
आणि अंधारात बहुतेक रात्री कोणीच नाही.
इथं समोर कोणीतरी असतं.
एवढाच फरक, असं मी सुकेशनीला सांगितलं.
ती म्हणाली, आधी हात धुवा.

सात नंबर म्हणजे दादाजी बोरकुटे, धानगिरणीवाले.
उजवी बाजू गेलेली, जीभ अर्धी.
अर्ध्या जिभेनं रोज एकच:
"आडनाव का गा तुझं?"
माझ्या नावाची पट्टी अजून छापून आली नव्हती.
फौजेत नाव छातीवर असतं,
कोणी विचारत नाही, वाचतात.
मी त्यांना माझा नंबर सांगितला,
पूर्ण, शेवटच्या अक्षरासकट.
ते हसले की चिडले, अर्ध्या चेहऱ्यावर कळेना.
नखं कापताना पुन्हा तेच.

त्यांच्या गिरणीवर मी आईबरोबर कोंड्याला जायचो.
पोतं ते फळीवरून सरकवायचे,
पायानं.
हे मी सिस्टरला सांगितलं नाही.

पट्टी मंगळवारी आली.
पांढऱ्यावर निळं: रत्नदीप निमगडे.
खिशावर लावली, सरळ केली,
आणि सात नंबरवर वाकलो,
कारण दोन तास झाले होते.
वाकलं की पट्टी त्यांच्या डोळ्यांपासून चार बोटांवर.
ओठ हलले. वाचत होते.
माझा एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली,
त्यांचं वजन अधांतरी, ना इकडे ना तिकडे.
खिडकीतून मोहाचा वास येत होता, आणि आतून फिनाइलचा.
मग त्यांचा चांगला हात उठला,
माझी बाही घट्ट धरली.
"हळू," ते म्हणाले.

माफी नव्हती ती.
पडायची भीती होती.
मी ती तशीच घेतली,
हळू वळवलं.

रात्री दोनला बॅटरीच्या काचेवर तळहात ठेवून फिरतो,
बोटांमधून उजेड लाल, पुरेसा.
ही सवय तिकडची.
वहीत लिहितो: २.००. सात नंबर. डावी कूस. पाठ कोरडी.
पहिल्या रात्री खाली 'सब ठीक' लिहिलं होतं.
सिस्टरनं लाल पेनानं खोडलं:
"ठीक का नाही, ते मी पाहीन.
तू काय दिसलं ते लिव्ह."

दादाजी झोपेत काहीतरी मोजतात.
पोती असावीत.
चारला पुन्हा जायचं आहे.